पाय मुरगळला तर...

आमच्या शाळेतली आठवीची एक मुलगी खो-खोच्या सरावात खांबाजवळ वळताना पडली. पाऊल आत दुमडले आणि अंगाचा सगळा भार बाहेरच्या घोट्यावर आला. संध्याकाळपर्यंत घोटा टम्म सुजला. दादीने मायेने गरम तेल लावून खसाखसा चोळला. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका जाणत्याने पाय ओढून ‘शीर बसवली’. चौथ्या दिवशी मुलगी वर्गात आली ती लंगडी घालतच. एक्स-रे काढला, तर हाडाला तडा! तिची अम्मी मला म्हणाली, “टीचर, आता खेळ बस्स. मुलीची जात आहे, पाय अधू राहिला तर?”

मी डॉक्टर नाही. पण मैदानावर असे पाय पुष्कळ पाहिले आहेत, आणि डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळले तेच त्या अम्मीला सांगितले.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना बांधून ठेवणारे तीन पट्टे असतात. त्यांना लिगामेंट म्हणतात. पाऊल आत दुमडले की बहुधा सर्वांत पुढचा पट्टा ताणला जातो किंवा फाटतो. शीर कुठे सरकलेलीच नसते, मग बसवणार काय? आत ताजी जखम असते. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक दिला, चोळले, ओढले तर सूज आणखी वाढते. तडा असेल तर हाडही सरकू शकते. दादीचा हात प्रेमाचा असतो, पण त्या दिवसांत तो डोक्यावरून फिरावा, घोट्यावरून नको.

मग करायचे काय? 1978 साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या पुस्तकात चार गोष्टी सांगितल्या : विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उशीवर उंच ठेवणे. पुढे 2014 मध्ये त्यांनीच कबूल केले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे जखम भरायला उशीर लागू शकतो. आपले म्हणणे असे मागे घेणारी माणसे मला आवडतात. म्हणून बर्फ लावायचा तो दुखणे कमी होण्यापुरता, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटे.

एक्स-रे कधी काढावा, याचे नियम कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडले. पडल्यावर लगेच आणि नंतर डॉक्टरांसमोरही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या टोकावर अथवा मागच्या कडेवर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. पाऊलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड वर आलेले लागते, तिथे दुखले तरीही तेच. वाढत्या वयाच्या मुलांबाबत तर जास्तच सावध राहावे. त्यांच्या हाडांची वाढ जिथे होते तो भाग लिगामेंटपेक्षा नाजूक असतो. मोठ्या माणसाचा पट्टा ताणला जाईल अशा धक्क्याने मुलाचे हाड दुखावते. आमच्या मुलीचे तेच झाले होते.

दुसरी चूक याच्या उलट असते. हाड शाबूत असूनही महिनाभर पाय खाटेवरून खाली ठेवायचा नाही! लिगामेंटमधून मेंदूला पाऊल कसे पडते आहे याची खबर जात असते. दुखापतीने ती मंदावते, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. दुखणे झेपेल तसे चालायला लागावे. पायाच्या अंगठ्याने हवेत अलिफ-बे लिहावे. जीम लिहिताना घोटा छान फिरतो! पुढे दात घासताना एका पायावर उभे राहावे, आधी भिंतीला हात लावून, मग न लावता. नमाजमध्ये पाय दुमडून बसताना कळ येत असेल तर काही दिवस खुर्ची घ्यावी.

मुलीचे प्लास्टर निघाले. डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला परवानगी दिली आहे, पळायला अजून नाही. अम्मीने खेळाला होकार दिलेला नाही. पण परवा पालकसभेनंतर थांबून हळूच विचारत होती, “टीचर, तो घोट्याला बांधायचा पट्टा कितीला मिळतो?”