जुनी मोटार आणि जुनें भिंग

मनमाड हें आगगाडीचें गांव. वाफेचीं इंजिनें या जंक्शनांतून केव्हांच नाहींशीं झालीं. ज्यांनीं तीं पाहिलीं ते वृद्ध लोक त्यांचें वर्णन आवडीनें करितात. परंतु नुसत्या वर्णनानें चाकांची व दांड्यांची रचना मुलांच्या डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं. तीच स्थिति आतां एका मोटारीची होऊं पाहत आहे. मनमाडाहून मुंबईस गेलेला उतारू बोरीबंदराबाहेर येतांच जी काळी-पिवळी टॅक्सी पूर्वीं त्याच्यापुढें उभी राही, ती बहुधा प्रीमियर पद्मिनी असे. अशा गाडीचें छायाचित्र जुन्या भिंगानें कसें घ्यावें, व तें भिंग इतकें चमत्कारिक कां, हें येथें सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम गाडीविषयीं. शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानें १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें १९६४ पासून कुर्ल्यास 'फियाट ११०० डिलाइट' ही गाडी होऊं लागली, व १९७४ मध्यें तिला 'प्रीमियर पद्मिनी' हें नांव मिळालें. इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरांचें, गिअरची मूठ स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेली, व लांबी चार मीटरांस किंचित् कमी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरींत २००३ मध्यें नोंदली गेली. मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून तेथील रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाहीं. कांहीं गाड्या खासगी मालकांनीं जतन केल्या आहेत. अशी एखादी दृष्टीस पडल्यास तिचें छायाचित्र म्हणजे एक दप्तरी पुरावाच होय.

आतां भिंगाविषयीं. जर्मनीच्या झाइस कारखान्यांत पाउल रुडोल्फ यांनीं १८९६ मध्यें 'प्लानार' नांवाचें भिंग रचिलें. त्याच घराण्यांतलें पुढचें भिंग 'बायोटार'. या बायोटारवरून सोव्हिएत रशियांत, मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथें, 'हेलिऑस ४४' तयार झालें. त्याचा ४४-२ हा प्रकार आजहि जुन्या बाजारांत मिळतो. त्यांत सहा कांचा चार गटांत बसविलेल्या असतात. केंद्रांतर ५८ मिलिमीटर. आपोआप फोकस करणारें यंत्र त्यांत मुळींच नाहीं. कडें हातानें फिरवावें लागतें. एक जोडकडें घेतलें म्हणजे तें नव्या डिजिटल कॅमेऱ्यासहि बसतें.

या भिंगाची खोड अशी कीं, छिद्र पूर्ण उघडें ठेविल्यास मागची झाडी चित्राच्या मध्याभोंवतीं भोंवऱ्यासारखी फिरतांना दिसते. याचें कारण विद्यार्थ्यांस घरींहि पाहतां येईल. दोन्ही तोंडें उघडी असलेली आखूड नळी हातभर अंतरावर धरा. सरळ पाहिल्यास तोंड वाटोळें दिसतें. जराशी तिरपी धरल्यास पुढची व मागची कड एकमेकींस झांकतात, व मांजराच्या डोळ्यासारखी निमुळती फट उरते. चित्राच्या कोपऱ्यांकडे जाणारा प्रकाश भिंगाच्या नळींतून असाच तिरपा जातो. त्यामुळें पानांमधून झिरपणारा प्रत्येक अस्पष्ट प्रकाशबिंदु वाटोळा न राहतां लांबट होतो, आणि त्याची लांबी मध्याभोंवतींच्या वर्तुळास धरून असते. कडेच्या प्रतिमेंतील इतर दोष यांत भर घालतात. असे शेंकडों बिंदु जुळले कीं डोळ्यास भोंवऱ्याचा भास होतो. छिद्र लहान केलें म्हणजे नळीच्या कडा त्याच्या आड येत नाहींत, व भोंवरा मावळतो.

येथें एक व्यावहारिक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भोंवरा उठावयास वस्तु जवळ व झाडी दूर पाहिजे. पुढचा दिवा किंवा डाव्या अंगास बाहेर बसविलेला टॅक्सीचा मीटर दीड मीटरावरून टिपावयाचा असेल, तर छिद्र २ या अंकावर ठेवावें. निंबाचें झाड पांच-सहा मीटर मागें असल्यास भोंवरा उत्तम उठतो. मात्र त्या वेळीं सुमारें आठ सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून पडद्यावर प्रतिमा मोठी करून, दिव्याची कड तीक्ष्ण दिसेपर्यंत कडें सावकाश फिरवावें.

संपूर्ण गाडी बाजूनें घ्यावयाची तर आठ मीटर मागें सरावें लागतें. तितक्या अंतरावर भोंवरा जवळजवळ उरत नाहीं, आणि त्याचा हव्यासहि धरूं नये. छिद्र ८ वर आणावें. अंक मोठा तितकें छिद्र लहान. मग पांचापासून अठरा मीटरांपर्यंत सर्व कांहीं स्पष्ट येतें. हे आंकडे २४ बाय ३६ मिलिमीटरांच्या चित्रपटलाचे आहेत. पटल लहान असल्यास कडा कापल्या जाऊन भोंवरा कमी दिसतो.

आमच्याकडील वैशाखांतलें दुपारचें ऊन या कामास निरुपयोगी. काळा रंग आरशासारखा चमकतो, छायाचित्रकार स्वतःच दारांत उमटतो, पिवळें छप्पर पांढरें पडतें. शिवाय जुन्या भिंगाच्या तोंडावर थेट ऊन पडल्यास सारें चित्र धुक्यांत बुडाल्यासारखें फिकें होतें. सकाळीं किंवा दिवस कलल्यावर जावें, व भिंगावर हाताची सावली धरावी.

भोंवऱ्याचें चित्र मोहक असतें यांत शंका नाहीं. पण त्या भोंवऱ्यांत स्टँड, दुकानाची पाटी, चहाची टपरी हीं सर्व विरघळून जातात. पन्नास वर्षांनीं पाहणारा गाडीबरोबर तिचें जगहि शोधील. यास्तव आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गाडीचीं दोन चित्रें घ्यावीं: एक उघड्या छिद्रानें, आवडीच्या एखाद्या अवयवाचें, दुसरें लहान छिद्रानें, सभोंवतालासह संपूर्ण गाडीचें. मालकाची परवानगी आधीं घ्यावी, आणि घरीं येतांच तारीख, ठिकाण व गाडीचें साल वहींत लिहून ठेवावें. भिंगाचा दोष ज्यास ठाऊक आहे, त्यासच तो कोठें वापरावा व कोठें आवरावा हें कळतें. आणि नोंद नसलेलें चित्र, कितीहि सुंदर असलें तरी, पुढच्या पिढीस अर्धेंच सांगतें.