ओव्याचा अर्क आणि ब्रॉयलरचं आतडं

शेडमध्ये शिरलो की मी आधी पक्षी नाही, खालचं तूस बघतो. ते ओलं, चिकट दिसलं की पोट बिघडल्याची शंका घ्यायची. (पाण्याचे निपल गळत नाहीत ना, हे आधी पाहा!)

आतड्याच्या आत बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. ते उंच आणि शाबूत असतील तर खाद्य अंगी लागतं. क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू माजले की हेच अस्तर सडतं. पूर्वी त्यावर आणि पक्ष्यांच्या वाढीसाठीही खाद्यातूनच प्रतिजैविकं दिली जायची. वाढीसाठीचा हा वापर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून थांबवला. भारताने 2019 मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली.

म्हणून आता वनस्पतींकडे लक्ष वळलंय. ओव्यातलं थायमॉल जिवाणूंच्या पेशीचं आवरण फोडतं. ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉलही तेच करतं. पण मूठभर ओवा भरडून खाद्यात टाकला की झालं, असं नाही! पिकागणिक तेलाचं प्रमाण बदलतं, शिवाय पेलेट बनवतानाच्या उष्णतेत ते उडून जातं. त्यामुळे आवरणात बंद केलेले अर्क जास्त भरवशाचे.

विष्ठेत रक्त दिसलं तर मात्र हळद-लसणाचे प्रयोग नकोत. कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग असू शकतो, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.