साधनकेरीचा उंबरठा

धारवाडच्या साधनकेरी तळ्याजवळ कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. शेजारीच त्यांच्या नावाचे भवन आहे. बेळगावहून पाऊणशे किलोमीटरवरच्या या घरी मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, तेव्हा फाटकातच एकीने विचारले, “सर, घरात मराठी बोलणारा माणूस कन्नडमध्ये का लिहीत राहिला?” प्रश्नात कुतूहल होते, तशी थोडी तक्रारही होती. सीमाभागात वाढलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. आपल्याकडचे काहीतरी पलीकडे गेले, अशी ती भावना.

या प्रश्नाचे उत्तर घरातल्या वस्तूंपेक्षा घराबाहेरच्या रस्त्यावर अधिक सापडते. बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडातच झाला. घरची भाषा मराठी. पण उंबरठा ओलांडला की कानांवर पडायची ती बाजारातली, खेळगड्यांची आणि लोकगीतांची धारवाडी कन्नड. त्यांच्या कवितेची लय आणि तिचे अस्सल बोलीतले शब्द तिथून आले. पुढे ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९४४ ते १९५६ या काळात त्यांनी सोलापुरात अध्यापन केले. म्हणजे मराठी त्यांच्यापासून दुरावली होती, असे म्हणता येत नाही. ‘संवाद’सारखे पुस्तक त्यांनी मराठीतच लिहिले. कवितेची मुख्य भाषा मात्र बालपणीच्या रस्त्याचीच राहिली. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, तो ‘नाकु तंति’ म्हणजे ‘चार तारा’ या कन्नड संग्रहासाठी.

त्यांचे टोपणनाव विद्यार्थ्यांना फळ्यावर फोडून दाखवावे असे आहे. अंबिकातनयदत्त म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आपल्या कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून ‘केशवसुत’ हे नाव घेतले. बेंद्रे यांनी आईचे नाव पुढे ठेवले. ज्या आईशी मराठीत बोलायचे, तिचेच नाव त्यांच्या कन्नड कवितेखाली आले. मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांचा अंत १९०५ मध्ये इथून जवळच्या हुबळीत झाला, हेही तिथे आठवते. नकाशावरच्या रेषा माणसांच्या येण्याजाण्यानंतर आल्या.

लेखकाचे घर दाखवायला नेताना आपण बहुधा खुर्ची, चष्मा, हस्ताक्षर, छायाचित्रे दाखवतो. ती पाहावीतच. पण त्याआधी त्या घरात कोणती भाषा बोलली जाई, गल्लीत कोणती आणि शाळेत कोणती, एवढे तीन प्रश्न विचारले तर घर बोलू लागते.

परतताना बसमध्ये मी हेच तीन प्रश्न विद्यार्थ्यांना दिले आणि उत्तरे वहीत लिहायला सांगितली. फाटकात प्रश्न विचारणारी मुलगी मराठीत चांगल्या कविता करते. तिच्या वहीत होते : घरी कोकणी, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी. तिने ते लिहिले, बराच वेळ पाहिले आणि वही माझ्याकडे देताना म्हणाली, “सर, माझी आजीसुद्धा मला हेच विचारते.”

कित्तूर मागे पडले होते. सकाळच्या प्रश्नाचे उत्तर मला वेगळे द्यावे लागले नाही.