रंग दोन पिढ्यांचा, बांधा दहा वर्षांचा

विल्यम कुक हा इंग्लंडच्या केंट परगण्यातला, पेशाने घोडागाडी हाकणारा माणूस. 1886 साली त्याने स्वतः पैदास केलेल्या काळ्या कोंबड्या लोकांपुढे आणल्या आणि जवळच्या गावावरून त्यांना ऑर्पिंग्टन हे नाव दिलं. मिनोर्का, लँगशान आणि प्लायमाउथ रॉक या तीन जातींच्या संकरातून त्या तयार झाल्या होत्या. तीन वर्षांनी त्याने पांढरी ऑर्पिंग्टन आणली, तिच्यात लेगहॉर्न, हॅम्बर्ग आणि डॉर्किंग होत्या. 1894 मध्ये बफ, म्हणजे फिकट सोनेरी ऑर्पिंग्टन आली. तिच्या घराण्यात कोचीनही होती. काळीच्या घराण्यातली एकही जात या दोघींत नव्हती. बफवरून तर वादही झाला. लिंकनशरच्या लोकांचं म्हणणं होतं की ही आमचीच लिंकनशर बफ, फक्त नाव बदललंय.

तरीही या तिघी आज एकाच जातीच्या मानल्या जातात, आणि ते योग्यच आहे. रंगीत कोंबड्यांबद्दलचे बहुतेक गैरसमज जात आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे न उमगल्यामुळे होतात, म्हणून सुरुवात इथूनच करू.

“नवा रंग आला, म्हणजे नवी जात झाली”

कोंबडीची जात ठरते ती तिच्या बांध्यावरून: पाठीची रेषा, छातीची खोली, शेपटीचा कोन, तुऱ्याचा प्रकार, नडगीची लांबी, कातडीचा रंग, वजन. पिसांचा रंग त्या जातीतला प्रकार ठरवतो. ब्रिटनमध्ये 1865 साली टेगेटमायर यांच्या संपादनाखाली कोंबड्यांच्या जातींचं पहिलं मानक पुस्तक निघालं. अमेरिकेत 1873 साली बफेलो शहरात अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने आपलं मानक छापलं. या पुस्तकांची मांडणी आजही अशीच आहे: आधी जातीच्या आकाराचं वर्णन, मग तिच्यातल्या एकेका रंगाचं.

त्यामुळे लव्हेंडर रंगाची एखादी जाड कोंबडी समोर आली, तर ती लव्हेंडर ऑर्पिंग्टन आहे की नुसतीच लव्हेंडर कोंबडी, हे रंग सांगत नाही. प्रदर्शनातला परीक्षक पक्षी पिंजऱ्यातून काढून हातात घेतो. छातीचं हाड सरळ आहे का, हे बोटाने चाचपतो. पंख उघडून बघतो, पिसं उलटी करून मुळाशी पांढरं डोकावतंय का ते पाहतो, नडग्या आणि बोटं तपासतो. अमेरिकन मानकात ऑर्पिंग्टन कोंबड्याचं वजन 10 पौंड आहे, म्हणजे साडेचार किलो. कोंबडीचं 8 पौंड. पिवळी चोच, पिवळ्या नडग्या किंवा पिवळी कातडी असलेला पक्षी रंगाने कितीही देखणा असो, तिथल्या तिथे बाद होतो.

“उबवणीत एक वेगळ्याच रंगाचं पिल्लू निघालं, म्हणजे नवा रंग जन्माला आला”

असं घडलेलं आहे, हे आधी कबूल करायला हवं. पांढरी प्लायमाउथ रॉक आणि पांढरी वायनडॉट या दोन्ही रंगीत कळपांत अचानक निघालेल्या पांढऱ्या पिल्लांपासूनच पुढे आल्या. पण अशा पिल्लांपैकी बहुतेकांचा रंग नवा नसतो. तो आईबापांत लपलेला असतो. अप्रभावी जनुक पिढ्यानपिढ्या गप्प राहू शकतो, आणि तो बाळगणारे नर-मादी एकत्र आले की चारातल्या एका पिल्लात उघडा पडतो. रंग टिकाऊ आहे का, हे त्या पिल्लाची पुढची दोन पिढ्या पैदास केल्याशिवाय कळत नाही.

“जोडी शुद्ध असेल, तर सगळी पिल्लं निळीच निघतील”

आपल्याकडच्या हौशी पाळणाऱ्यांचे पैसे बहुधा इथेच बुडतात. निळ्या रंगाच्या, खरं तर दगडी पाटीसारख्या करड्या रंगाच्या कोंबड्यांची जोडी महाग घेतात आणि पहिल्या उबवणीत काळी पिल्लं निघाली की विकणाऱ्याने फसवलं म्हणतात. विकणाऱ्याने फसवलेलं नसतं. निळा रंग शुद्ध होऊच शकत नाही.

निळ्या रंगाच्या जनुकाची एक प्रत असली की काळा रंग सौम्य होऊन निळा दिसतो. दोन प्रती असल्या की पक्षी मळकट पांढरा होतो आणि अंगावर निळे-काळे शिंतोडे उरतात. याला स्प्लॅश म्हणतात. एकही प्रत नसली की पक्षी काळा. म्हणून निळा नर आणि निळी मादी एकत्र आले की चारात एक काळं, दोन निळी, एक स्प्लॅश असा हिशेब पडतो. अँडल्यूशियन जातीच्या निळ्या कोंबड्या पाळणारे एकोणिसाव्या शतकात याच कोड्यात अडकले होते. ते दर पिढीत काळी आणि शिंतोड्यांची पिल्लं वेगळी काढत, आणि पुढच्या पिढीत ती पुन्हा येत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांनी हे कोडं सोडवलं. त्याआधी 1902 मध्ये बेटसन यांनी कोंबड्यांच्याच प्रयोगांतून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं होतं.

याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. सगळी पिल्लं निळी हवी असतील तर निळ्याला निळी लावूच नये. काळ्या कोंबड्याखाली स्प्लॅश कोंबड्या ठेवाव्यात, म्हणजे पिल्लू न् पिल्लू निळं निघतं. ज्या रंगांना टाकाऊ म्हणून बाजारात काढलं जातं, तेच खरे कामाचे.

“लव्हेंडर म्हणजे फिकट निळाच”

दिसायला जवळचे, वागायला अगदी वेगळे. निळ्याचा जनुक फक्त काळ्या रंगद्रव्याला हात लावतो, लाल-तपकिरी तसाच राहू देतो. लव्हेंडरचा जनुक दोन्ही सौम्य करतो: काळ्याचा राखाडी-जांभळट होतो आणि लालसर सोनेरीचा गवती फिका. 2008 साली हा जनुक नेमका सापडला. त्याच्यातल्या बिघाडामुळे रंगाचे कण पिसात एकसारखे पसरत नाहीत. तो अप्रभावी आहे, म्हणजे दोन प्रती असल्याशिवाय रंग दिसतच नाही. आणि म्हणूनच लव्हेंडर गुणिले लव्हेंडर केलं की सगळी पिल्लं लव्हेंडर निघतात. निळा जे कधीच देत नाही, ते लव्हेंडर पहिल्या दिवसापासून देतो.

“रंग आणला, काम झालं”

खरं काम इथून पुढे सुरू होतं. समजा, ज्याच्याकडे चांगल्या काळ्या ऑर्पिंग्टन आहेत, त्याला त्यांच्यात लव्हेंडर रंग आणायचा आहे आणि रंग मिळतोय अरॉकाना जातीच्या कोंबड्यात. ब्रिटनमध्ये लव्हेंडर अरॉकाना चांगल्याच परिचयाच्या आहेत. पहिल्या वर्षी सगळी पिल्लं काळीच निघतात, रंग आत लपलेला. त्यांचा आपसात संकर केला की दुसऱ्या वर्षी चारात एक लव्हेंडर. रंग मिळाला. पण हातात असलेला पक्षी सरासरी निम्मा अरॉकाना आहे: हलका, उभट, डोक्यावर झुपका, गालांवर पिसं, ऑर्पिंग्टनच्या सरळ कातरी तुऱ्याऐवजी वाटाणा तुरा.

आता पुन्हा काळ्या ऑर्पिंग्टनशी संकर. चांगल्या रक्ताचा वाटा तीन चतुर्थांश होतो, पण रंग पुन्हा झाकला जातो, म्हणून तो वर काढायला आणखी एक पिढी. अशा दोन-दोन पावलांनी गेलं तर वाटा 50 टक्क्यांवरून 75, मग साडेसत्याऐंशी आणि आठव्या वर्षी सुमारे 94 टक्क्यांवर जातो. एका पिढीला एक वर्ष धरायचं, कारण पिसांचा आणि बांध्याचा निवाडा पक्षी सात-आठ महिन्यांचा झाल्याशिवाय करता येत नाही. हा सगळा हिशेबही सरासरीचा. दर पावलावर चुकीचा पक्षी निवडला तर आकडा वाढतो आणि ऑर्पिंग्टन मात्र जवळ येत नाही.

झुपका, गालावरची पिसं, वाटाणा तुरा हे गुण प्रभावी आहेत. ते दिसतात, म्हणून काढून टाकणं सोपं. अवघड असतात ते न दिसणारे. अरॉकाना निळी अंडी घालते, पण हा गुण कोंबड्यात ओळखणार कसा? तो अंडी घालत नाही. वर्षाने त्याच्या मुलींनी तपकिरी अंड्यांऐवजी हिरवट अंडी घातली की मग कळतं. इथे निसर्ग थोडी मदत करतो: निळ्या अंड्याचा जनुक आणि वाटाणा तुऱ्याचा जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे साध्या तुऱ्याचं पिल्लू निवडलं की बहुतेक वेळा निळं अंडंही वगळलं जातं. बहुतेक वेळा, नेहमी नाही.

अरॉकानाऐवजी लेगहॉर्न किंवा वायनडॉटसारखी पिवळ्या पायांची जात वापरली, तर दुखणं वेगळंच. पिवळी कातडी अप्रभावी आहे. पहिल्या पिढीत सगळ्यांचे पाय गोरे दिसतात, पाळणारा निश्चिंत होतो, आणि तीन-चार वर्षांनी उत्तम बांध्याच्या, उत्तम रंगाच्या तलंगेच्या नडग्या पिवळ्या निघतात. या पिवळ्या कातडीचं मूळ मात्र आपल्या अगदी जवळचं आहे. 2008 सालीच प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की हा गुण पाळीव कोंबड्यांत लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला. हा आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिण भारताच्या जंगलांत आढळणारा पक्षी. दुकानातल्या ब्रॉयलरची पिवळी कातडी आणि परदेशातल्या प्रदर्शनात बाद झालेली ऑर्पिंग्टन, दोन्हींमागे त्याचाच वारसा आहे.

एखादा पक्षी असा अप्रभावी गुण लपवतोय का, हे तपासायची जुनी रीत आजही चालते. संशयित काळा कोंबडा लव्हेंडर कोंबड्यांना लावायचा. तो रंग बाळगत असेल तर निम्मी पिल्लं लव्हेंडर निघायला हवीत. ओळीने सात पिल्लं काळी निघाली, तर रंग लपवणाऱ्या कोंबड्याकडून असं घडण्याची शक्यता 128 मध्ये एकच असते. पिवळ्या कातडीसाठीही पिवळ्या पायांच्या कोंबड्यांबरोबर हाच प्रयोग करता येतो.

“पांढऱ्याशी संकर सुरक्षित, त्यात रंगच नसतो”

पांढरा रंग पांघरुणासारखा असतो, खाली काहीही असू शकतं. लेगहॉर्नचा पांढरा प्रभावी आहे, काळ्याशी संकर केला तर पिल्लं पांढरीच येतात, फार तर एखादं काळं पीस. सिल्कीचा पांढरा अप्रभावी, त्याची पिल्लं रंगीत येतात, आणि कोणते रंग येतील हे आधी सांगता येत नाही. प्रकल्पात अनोळखी पांढरा पक्षी आणू नये.

“रंग नराकडून आणा की मादीकडून, सारखंच”

चॉकलेटी रंगाच्या बाबतीत हे चालत नाही. हा रंग ब्रिटनमध्ये छोट्या ऑर्पिंग्टनमधून पुढे आला. तो अप्रभावी आहे आणि झेड या लिंग गुणसूत्रावर आहे. पक्ष्यांमध्ये नराला दोन झेड असतात, मादीला एकच, आणि ते तिला बापाकडून मिळतं. म्हणून चॉकलेटी कोंबडा काळ्या कोंबड्यांना लावला की पहिल्याच उबवणीत सगळ्या माद्या चॉकलेटी, नर काळे. उलट केलं तर सगळी पिल्लं काळी दिसतात आणि एक वर्ष गेलं. चॉकलेटी मादी मात्र काही लपवू शकत नाही. तिच्याकडे लपवायला दुसरी प्रतच नसते.

पट्टेरी रंगही झेडवरच. तिथे नराच्या दोन प्रतींमुळे तो मादीपेक्षा फिका पडतो. मानकाला दोघांची छटा सारखी हवी होती, म्हणून पट्टेरी प्लायमाउथ रॉक पाळणारे नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरा असे दोन वेगळे कळप ठेवत. रंगाच्या मानकापायी एवढा खटाटोप करणं मला पटत नाही, पण केलेला आहे.

“प्रदर्शनात पहिला नंबर आला, की रंग मानकात जातो”

एका पक्ष्याने काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकन संघटनेच्या नियमांत नव्या रंगासाठी किमान पाच पाळणाऱ्यांची लेखी ग्वाही लागते. प्रत्येकाने तो रंग किमान पाच वर्षं पैदास केलेला असावा, आणि निम्मी किंवा त्याहून जास्त पिल्लं वर्णनाप्रमाणे निघत असावीत. निम्म्याची अट ऐकायला सैल वाटते, पण निळ्यासारखे रंग याच अटीमुळे मानकात बसू शकतात. त्यानंतर पूर्ण वाढलेले आणि त्याच वर्षाचे, नर आणि माद्या, असे सगळे गट परीक्षकांपुढे मांडावे लागतात.

पाच जणांची ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. एकट्याचा कळप छोटा असतो, त्याला भावंडांचा आणि बाप-लेकींचा संकर करावाच लागतो. काही पिढ्या त्याने बांधा पक्का होतो, पण पुढे अंडी कमी उबू लागतात आणि पिल्लं अशक्त निघतात. लव्हेंडरमध्ये आणखी एक अडचण आहे: अनेक कळपांत शेपटीची आणि पंखांची पिसं विरलेली, कडांना फाटलेली येतात. त्यावर उपाय एकच, दर काही पिढ्यांनी चांगल्या पिसांच्या काळ्या पक्ष्यांशी संकर करायचा आणि पुढच्या लव्हेंडर पिल्लांतून फक्त अखंड शेपटीची ठेवायची. एका परसात एवढे पक्षी मावत नाहीत. पाच ठिकाणी पाच कळप असले की कोंबड्यांची अदलाबदल होते, आणि एकाच्या कळपात फाटक्या शेपट्या वाढल्या तर दुसऱ्याकडून कोंबडा आणता येतो.