शेळीचे केस गळतायत? आधी दावणीत सुबाभूळ किती पडते ते बघा

उन्हाळ्यात बांधावर हिरवं काही उरत नाही, तेव्हा सुबाभूळच शेळ्यांना तारते. पण दुसरा चारा नाही म्हणून काही आठवडे नुसता हाच पाला टाकला, की काही शेळ्यांचे केस पुंजक्यांनी गळतात, लाळ सुटते, खाणं मंदावतं. बरेच पशुपालक गोचीड किंवा खरूज समजून औषध फवारतात. पैसे जातात, केस गळायचे थांबत नाहीत.

याला कारण पाल्यातलं मायमोसीन. सुबाभूळ शेंगवर्गीय झाड आहे. लाजाळूच्या रोपट्यातही हाच घटक असतो आणि लाजाळूच्या मायमोसा या शास्त्रीय नावावरूनच त्याचं नाव पडलं. कोवळ्या शेंड्यात तो सर्वात जास्त, जून पानात कमी. म्हणजे शेळी आधी जे ओरबाडते, तेच जास्त बाधतं.

मायमोसीनमुळे केसांच्या मुळाची वाढ थांबते. कोटीपोटात त्याचं डीएचपी नावाच्या पदार्थात रूपांतर होतं आणि तो गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं काम बिघडवतो. गळा सुजतो, वजन वाढत नाही, करडं अशक्त निपजतात.

मग काहींच्या शेळ्या वर्षानुवर्षे हाच पाला खाऊन धडधाकट कशा? हाच प्रश्न ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना हवाई बेटावरच्या शेळ्या पाहून पडला. त्या शेळ्यांच्या पोटात डीएचपी पचवणारे जिवाणू निघाले. ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडल्यावर त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांचंच नाव दिलं गेलं. असे जिवाणू भारतातल्या जनावरांतही आढळले आहेत, पण प्रत्येक जनावरात असतीलच असं नाही. शेजाऱ्याच्या शेळीला चालतं ते बाजारातून नवी आणलेल्या शेळीला चालेल, हे धरून चालू नये.

म्हणून सुबाभूळ तोडायची गरज नाही. एवढी प्रथिनं फुकटात देणारं झाड दुसरं कुठलं? फक्त एकूण चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावा. दिवसाला चार किलो हिरवा चारा खाणाऱ्या शेळीला सव्वा किलो पाला पुष्कळ झाला. बाकी कडबा, गवत. सुरुवात मूठभरापासून करावी. पाला उन्हात सुकवून दिला तर मायमोसीन काही प्रमाणात घटतं. घोडा आणि सशाला मात्र हा पाला टाकूच नये, त्यांना कोटीपोट नसतं.

केस गळायला लागले तर पाला लगेच बंद करावा. हळूहळू केस परत येतात. गळा सुजला किंवा शेळीने खाणंच सोडलं तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, आणि पाला किती दिवस चालू होता ते डॉक्टरांना आधी सांगावं.