झुंबर कापडाला नव्हे, स्लॅबला

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील नव्या सदनिकांत आणि पेढ्यांत पीओपीच्या नक्षीऐवजी स्ट्रेच सीलिंग, म्हणजे भिंतीलगतच्या पट्टीत ताणून बसविलेले कापडी किंवा पीव्हीसीचे छत, आता दिसू लागले आहे. ते सुबक दिसते, सांधाही दिसत नाही. मात्र त्याखाली झुंबर लावायचे असेल, तर हा निर्णय छत ताणण्यापूर्वीच व्हावयास हवा.

कल्पना तशी जुनीच. कौलारू घरांत वरची माती पडू नये म्हणून कापडी छत लावीत. आपल्याकडे चुलीवर चंदरवा बांधण्याची रीत होतीच. दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे मात्र तुळईच्या कडीला टांगलेली असत. प्रवचनमंडपातही कापड शोभेसाठी असते. दिव्याचा भार बांबू किंवा लोखंडी सांगाडा पेलतो. नव्या छताचाही हाच नियम आहे. पीव्हीसीचा पडदा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढाच जाड असतो. त्याच्यावर कोणताही भार टाकता येत नाही.

म्हणून प्रथम स्लॅब तपासावा. बहुतेक इमारतींत पंख्यासाठी स्लॅबमध्ये हूक सोडलेला असतो. तो गंजलेला नसेल, तर त्याचा उपयोग होतो; अन्यथा अँकर फास्टनर बसवावा. स्लॅबमधून वायरींच्या नळ्या गेलेल्या असतात, त्यामुळे ड्रिल करण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून त्यांची दिशा जाणून घ्यावी. जुन्या इमारतीत सळ्या उघड्या पडल्या असतील, तर आधी दुरुस्ती करावी. आधार पक्का झाल्यावर झुंबराहून अधिक वजन एक दिवस टांगून पाहावे. त्या जागेची दोन भिंतींपासूनची मापे लिहून ठेवून छायाचित्रही घ्यावे.

छत ताणल्यावर त्या जागी प्लास्टिकचे कडे चिकटवितात. ते पक्के बसल्यावरच आतील भाग कापतात. कड्याविना छेद दिला, तर ताणामुळे तो फाटत जातो. याच छिद्रातून साखळी आणि वायर खाली येते. झुंबराची वाटी छिद्र झाकेल, पण पडद्यावर दाबली जाणार नाही, इतकीच वर घ्यावी. फट राहिल्यास किडे आत शिरतात. जीव जातो आणि पडद्यावर डागही दिसतात.

पीव्हीसीचा पडदा उष्ण हवेने मऊ करूनच ताणतात. म्हणजे उष्णतेने तो पुन्हा सैल पडणार. त्यामुळे हॅलोजन टाळावा, एलईडी घ्यावा, आणि त्याचा ड्रायव्हर छिद्रातून हाती येईल असा ठेवावा. जवळ पंखा असेल, तर त्याच्या वाऱ्याने पडदा फडफडणार नाही इतके अंतर राखावे.

आपल्याकडील पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील गळतीचाही विचार हवा. पीव्हीसीच्या पडद्यात पाणी साठून फुगवटा येतो आणि वाट मिळेल तेथून, म्हणजे दिव्याच्या छिद्रातूनही, ते खाली उतरते. अशा वेळी प्रथम मेन स्विच बंद करावा, सुई वा सुरी लावू नये आणि छत बसविणाऱ्यास बोलवावे.

छत, वीज आणि झुंबर या तीन कामांचे कारागीर बहुधा वेगवेगळे असतात. सौदा ठरविताना तिघांना एकत्र बसवून वजन, जागा आणि जबाबदारी एकाच कागदावर लिहून घ्यावी. व्यवहारातील ही शिस्त घरातही उपयोगी पडते. ज्याच्याखाली मुलेबाळे खेळणार, पाहुणे बसणार, त्या दिव्याचा आधार डोळ्यांना दिसणार नाही. म्हणून तो झाकण्यापूर्वी आपण स्वतः पाहून घ्यावा.