वेडा राघू वेडा नाही!

आमच्या पाथर्डीकडे विजेच्या तारेवर चिमणीएवढा एक हिरवागार पक्षी नेहमी दिसतो. त्याचे नाव वेडा राघू. तारेवरून उडतो, हवेत गिरकी घेतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. आहे की नाही वेडा?

मुळीच नाही! त्या गिरकीत तो उडती मधमाशी किंवा गांधीलमाशी टिपतो. परत येऊन ती तारेवर आपटतो, घासून नांगी काढतो आणि मगच गट्टम करतो! शिवाय तो राघूही नाही. पोपटाशी त्याचे साम्य फक्त रंगाचे.

आता ही नावे बघा. शिंपी पाने शिवून घरटे करतो. खाटीक भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो. टिटवी तर स्वतःचे नाव स्वतःच ओरडून सांगते! ही नावे देणाऱ्यांनी पक्षी आधी नीट पाहिले होते.

मी वर्गात नवे नाव सुचवायला सांगितले. ‘माशीपकड्या’, ‘गिरकीबहाद्दर’ अशी नावे आली. तेवढ्यात एकीने विचारले, “पण बाई, माझ्या आजीला हे नाव कसं कळणार?” खरेच की! जुने नाव पुसले, तर आजीशी बोलणार कसे?

मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ लिहिताना लोकांच्या तोंडची नावे जपून ठेवली. तुम्हीही आजी-आजोबांना विचारा, वहीत लिहा. शेजारी तुम्ही सुचवलेले नावही लिहा. मात्र पक्षी पाहून!

आणि हो, वर्गात कुणाला ‘वेडा’ म्हणण्याआधी तारेवरचा हा राघू आठवा.